प्रायमर भरणी यंत्र

प्रायमर भरणी यंत्र हे काडतुसाच्या पुंगळीत बसविण्याच्या प्रायमरांना एका दिशेत लावून नळीत रचून देणारे कंपनयंत्र आहे. वापरलेल्या पुंगळ्यांत नवे प्रायमर, प्रणोदक दारू व गोळी भरून काडतूस पुन्हा तयार करण्याच्या कामात, म्हणजे पुनर्भरणात, त्याचा उपयोग होतो. अमेरिकेतील क्रीडा नेमबाजांत हे काम घरोघरी चालते. भारतात ते परवान्याच्या चौकटीबाहेर करता येत नाही.

प्रायमर

प्रायमरला बोलीत ‘टोपी’ म्हणतात. ही धातूची लहानशी वाटी असून तिच्या तळाशी आघाताने पेटणाऱ्या स्फोटकाचा पातळ थर असतो. बंदुकीची पिन वाटीच्या पाठीवर आदळली की स्फोटक आतील ‘ऐरणी’वर चेपले जाते आणि त्याची ज्योत पुंगळीतील दारूला पेटवते. आघाताने बार उडविण्याच्या पद्धतीचे एकस्व स्कॉटलंडमधील धर्मगुरू अलेक्झांडर फोर्सिथ यांनी १८०७ मध्ये घेतले. पुढे इंग्लंडच्या एडवर्ड बॉक्सर यांनी ऐरण टोपीतच बसविली, तर अमेरिकेच्या हायरम बर्डन यांनी ती पुंगळीचाच भाग केली. गंमत अशी की, आज अमेरिकेत बॉक्सर पद्धत रूढ आहे. पुनर्भरणास तीच सोयीची, कारण तिच्या पुंगळीला मध्यभागी एकच छिद्र असते व जुनी टोपी सुईने सहज बाहेर ढकलता येते. रायफल व पिस्तुलाचे प्रायमर मुख्यतः दोन आकारांचे असतात. त्यांचा व्यास सुमारे ४.४५ व ५.३३ मिलिमीटर असतो.

रचना

यंत्राचा मुख्य भाग म्हणजे एक वाडगा. त्याच्या आतल्या भिंतीलगत वर चढत जाणारी सर्पिल वाट असते. वाडग्याखालील विद्युतचुंबक पट्टी-स्प्रिंगांना हादरे देतो आणि टोप्या किंचित उड्या घेत वाटेने वर सरकतात. टोपीच्या पाठीकडील कड गोलसर, तर तोंडाकडील कड धारदार असते. वाटेवरील एका अरुंद टप्प्यावर या फरकाचा उपयोग करून उलट्या पडलेल्या टोप्या पुन्हा वाडग्यात ढकलल्या जातात. सुलट टोप्या पुढे जाऊन उभ्या नळीत एकावर एक बसतात. नळीत साधारणतः १०० टोप्या मावतात.

समायोजन व सुधारणा

यंत्र नीट न चालण्याचे पहिले कारण बहुधा अगदी साधे असते: ते समपातळीत नसते. वाडगा एका बाजूला कललेला असेल, तर सुलट टोप्याही अरुंद टप्प्यावरून घसरतात. म्हणून पाणसळ लावून पाये सारखे करणे ही पहिली पायरी होय. त्यानंतर कंपनाचा जोर ठरवावा लागतो. जोर कमी असेल तर टोप्या चढणीवर थांबतात. जास्त असेल तर त्या उसळतात, आणि उलट टोपी निवड-टप्पा ओलांडून जाते. उलटी टोपी नळीत गेल्यास ती पुंगळीतही उलटीच बसते. तसे काडतूस उडत नाही, आणि ती टोपी काढणे हे जोखमीचे काम ठरते. त्यामुळे वेगापेक्षा अचूकतेला प्राधान्य देऊन, वाट सुरळीत चालेल इतपतच जोर ठेवणे श्रेयस्कर.

वीजपुरवठ्याची वारंवारता हा दुर्लक्षित राहणारा मुद्दा आहे. चुंबक प्रत्यावर्ती विजेच्या प्रत्येक अर्धचक्रात ओढ देतो. म्हणजे भारतातील ५० हर्ट्झ विजेवर सेकंदाला १०० हादरे बसतात, अमेरिकेतील ६० हर्ट्झवर १२०. स्प्रिंगांचा ताठपणा मूळ वारंवारतेशी जुळविलेला असल्याने दुसऱ्या देशात तेच यंत्र मंद चालू शकते. अशा वेळी केवळ व्होल्टेज बदलणारा रोहित्र पुरत नाही. स्प्रिंगांची जुळणी बदलावी लागते.

वाटेचा शेवट व नळीचे तोंड एका रेषेत नसणे, तेथे धातूचा खरबरीतपणा राहणे, नळी दबलेली असणे किंवा आकारानुसार भाग न बदलणे ही अडकण्याची इतर कारणे होत. कोणतीही दुरुस्ती वाडगा व नळी पूर्ण रिकामी करून, वीज तोडूनच करतात आणि चाचणी स्फोटकविरहित नमुना टोप्यांनी घेतात. अडकलेली टोपी टोकदार वस्तूने ठोकून काढणे घातक आहे.

धोके

प्रायमरच्या मूळ खोक्यात प्रत्येक टोपी वेगळ्या खणात असते. एक पेटली तरी शेजारची पेटू नये, हा त्या मांडणीचा हेतू. भरणी यंत्र नेमके हेच अंतर नाहीसे करते. नळीत एकमेकींना टेकलेल्या १०० टोप्यांपैकी एक उडाल्यास सर्व एकदम उडू शकतात. म्हणून नळीभोवती जाड पोलादी आवरण असते व स्फोटाला वाट वरच्या दिशेने ठेवलेली असते. भरणी चालू असताना नळीवर वाकून पाहू नये, हा नियम त्यातूनच आला. आधुनिक टोप्यांतील लेड स्टिफ्नेट स्थिर विद्युतच्या ठिणगीनेही पेटते. त्यामुळे यंत्राची भू-जोडणी व सुती कपडे आवश्यक ठरतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या चंद्रपूरसारख्या ठिकाणच्या कोरड्या हवेत हा धोका अधिक असतो. वाडग्यात साचणारी भुकटी शिसेयुक्त व स्फोटक असते. ती ओल्या फडक्याने पुसतात, व्हॅक्यूम क्लीनरने ओढत नाहीत.

चंद्रपूर व गडचिरोली

चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथे आयुध निर्माणी, चांदा हा दारूगोळा भरणीचा कारखाना आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहे. तेथील काम मोठ्या दारूगोळ्याचे आहे. लहान शस्त्रांची काडतुसे राज्यात खडकी (स्थापना १८६९) व जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथे बनतात.

गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात टोपीचे जुने रूप अद्याप आढळते. तोंडाकडून दारू व छर्रे ठासून भरावयाच्या ‘भरमार’ बंदुकीत पुंगळी नसते. टोपी नळीच्या मागील बोंडीवर हाताने बसवितात. पोलिसांनी माओवाद्यांकडून जप्त केलेल्या शस्त्रांच्या याद्यांत भरमारचा उल्लेख वारंवार येतो.

कायदा

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २ मधील ‘दारूगोळा’ या संज्ञेत दारूगोळ्याचे भाग आणि तो बनविण्याची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे तयार काडतूस नसले तरी टोप्या व त्या भरण्याची साधने कायद्याच्या कक्षेत येतात. कलम ५ नुसार निर्मितीस परवाना लागतो. विनापरवाना निर्मितीस २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षे ते जन्मठेपेपर्यंत कारावासाची तरतूद आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकास शस्त्राची नोंदणी करावी लागते. तेथे नवा शस्त्र परवाना मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वसंमतीशिवाय मिळत नाही. ताडोबा-अंधारी व चपराळा परिसरातील अनेक गावे या मर्यादेत मोडतात.