अकाली मृत्यूचे जोखीम घटक

अकाली मृत्यू म्हणजे अपेक्षित आयुर्मान पूर्ण होण्यापूर्वी ओढवणारा मृत्यू. अपघात, हत्या व आत्महत्या वगळता आजाराने येणारा मृत्यू नैसर्गिक मानला जातो. हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार, कर्करोग, मधुमेह आणि श्वसनसंस्थेचे जुनाट विकार यांमुळे ३० ते ७० या वयात होणारे मृत्यू जागतिक आरोग्य संघटना या संदर्भात मोजते. ज्या सवयी, शारीरिक स्थिती वा परिस्थितीमुळे अशा मृत्यूची शक्यता वाढते, त्यांना जोखीम घटक म्हणतात. जोखीम ही समूहाच्या पाहणीतून काढलेली संभाव्यता होय. ती एखाद्या व्यक्तीचे भविष्य नव्हे.

संकल्पनेचा उगम

अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावी १९४८ साली ५,२०९ स्त्री-पुरुषांची दीर्घकालीन पाहणी सुरू झाली. वयाबरोबर रक्तदाब वाढायचाच, असा समज तोवर डॉक्टरांमध्येही होता. उच्च रक्तदाब, कोलेस्टेरॉल व धूम्रपान यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध या पाहणीने दाखवला आणि 'रिस्क फॅक्टर' हा शब्दप्रयोग रूढ झाला. उच्च रक्तदाबाची बहुधा कोणतीही लक्षणे जाणवत नसल्याने तो मोजल्याशिवाय कळत नाही.

तंबाखू

रिचर्ड डॉल व ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ साली ब्रिटिश डॉक्टरांची पाहणी आरंभली. ती ५० वर्षे चालली. आयुष्यभर सिगारेट ओढणाऱ्यांचे आयुष्य सरासरी सुमारे १० वर्षांनी घटते, असे तीत आढळले. ६०व्या वर्षी सवय सोडल्यास सुमारे ३, ५०व्या वर्षी ६, तर ४०व्या वर्षी ९ वर्षे परत मिळतात. महाराष्ट्रात धूम्रपानापेक्षा तंबाखू चघळण्याचे व मिश्री लावण्याचे प्रमाण अधिक असून त्यातून मुखाचा कर्करोग संभवतो.

सामाजिक स्थान

लंडनमधील सरकारी नोकरांच्या 'व्हाइटहॉल' पाहणीत (१९६७पासून) सर्वांत खालच्या श्रेणीतील पुरुषांचा हृदयविकाराने होणारा मृत्युदर सर्वोच्च श्रेणीच्या सुमारे तिप्पट आढळला. धूम्रपान, रक्तदाब इत्यादी घटक हिशेबात धरूनही तफावतीचा मोठा भाग उरला. केवळ सवयींना दोष देणारे विवेचन त्यामुळे अपुरे ठरते.

भारतीय संदर्भ

दक्षिण आशियातील लोकांना हृदयविकाराचा पहिला झटका इतरांपेक्षा सरासरी पाच-सहा वर्षे आधी येतो. सडपातळ दिसणे म्हणजे निरोगी असणे, ही समजूत येथे फसवी ठरते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन संशोधकांनी २००४ साली स्वतःचीच मोजमापे प्रसिद्ध केली. उंचीच्या प्रमाणातील वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३ होता, शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. यास्तव वजनाबरोबर कंबरेचा घेर आणि रक्तातील साखर मोजणेही आवश्यक मानले जाते.