पैठणीची उलटी बाजू

नाहूर येथील एका परिचित कुटुंबास मुलीच्या लग्नासाठीं जुनी पैठणी विकत घ्यावयाची होती. विकणाऱ्यानें एक ‘पेशवाईंतील’ म्हणून आणली व पारख करण्यास आम्हांस बोलावणें आलें. आम्हीं पदर उलटा केला मात्र, तों पाठीमागें मोकळ्या धाग्यांचें जाळें दिसलें!

यांतील मर्म असें. पेशवे व निजाम या दोन्ही दरबारांनीं जिला आश्रय दिला, त्या पैठणीच्या पदरावर विणकर प्रत्येक रंगाचा धागा हातानें त्याच्या जागींच गुंफून परत फिरवितो. म्हणून नक्षी दोन्ही अंगांनीं सारखी उमटते. यंत्रमागावरील नकलेंत ते धागे पाठीमागें मोकळे राहतात. जुनी जर म्हणजे रेशमावर गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा दिलेली रुप्याची तार. त्या रुप्याच्या लोभानेंच कित्येक जीर्ण पैठण्या जाळल्या गेल्या. खरेपणाच त्यांचा काळ ठरला. नकलेला ती भीति नव्हती.

२००४ सालीं ‘सिल्क मार्क’ व २००६ सालीं ‘हँडलूम मार्क’ हीं चिन्हें निघालीं. परंतु आजीच्या पेटींतील वस्त्रास तशी चिठ्ठी कोठून असणार? त्याची साक्ष त्याच्या पाठीवरच.

यंत्रमागाचें कापड नेसण्यांत कमीपणा नाहीं. त्यास पेशवाईचें नांव व दाम लावणें हा मात्र अपराध होय. त्या मुलीनें तें वस्त्र आजच्या कापडाच्या भावानें मागितलें. विकणारा कांहीं न बोलतां घडी घालूं लागला. घडी घालतांना त्यानें उलटी बाजू आंत घेतली.