यादी न लावणारं कॉलेज

१९२४ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, केंब्रिज गावी, एका गोवेकर मुलाला हार्वर्डची प्रवेशपरीक्षा माफ झाली. मुलाचं नाव दामोदर कोसंबी. वडील धर्मानंद कोसंबी ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्डला आले होते आणि १९१८पासून मुलगा तिथल्याच शाळांत शिकत होता. हायस्कूलच्या शेवटच्या परीक्षेत त्याने असं यश मिळवलं, की विद्यापीठाने त्याची वेगळी परीक्षा घेतलीच नाही. मध्यंतरी तो भारतात परतला, पुन्हा गेला आणि १९२९मध्ये सर्वोच्च श्रेणीत पदवीधर झाला. गणितज्ञ आणि प्राचीन भारताचे इतिहासकार डी. डी. कोसंबी ते हेच.

हुशार मुलगा, उत्तम गुण, म्हणून प्रवेश. हा सरळ हिशोब हार्वर्डमध्ये तेव्हा शेवटचे श्वास मोजत होता. ‘माझा चान्स किती?’ हा प्रश्न आज अमेरिकेतल्या हायस्कूलच्या प्रत्येक हुशार मुलाच्या तोंडी असतो. पण तो विचारायची वेळ तिथे आली त्याला अजून शंभर-सव्वाशे वर्षंच होताहेत.

त्याआधी परीक्षा होती, चान्स नव्हता. सतराव्या शतकात हार्वर्डच्या पहिल्या नियमांनुसार सिसेरो आयत्या वेळी वाचून समजणं, लॅटिन लिहिता-बोलता येणं आणि ग्रीक शब्द बिनचूक चालवता येणं एवढं जमलं की मुलगा पात्र ठरे. पुढे त्यात गणित, भूगोल, इतिहास आले, तरी तत्त्व तेच राहिलं. जो पास होईल तो आत. थोडक्यात नापास झालेल्यालाही ‘राहिलेले विषय नंतर सोडवा’ या अटीवर घेत. प्रत्येक कॉलेजची परीक्षा वेगळी असल्यामुळे शाळा मेटाकुटीला यायच्या. त्यावर उपाय म्हणून काही कॉलेजांनी मिळून ‘कॉलेज बोर्ड’ काढलं आणि जून १९०१मध्ये पहिली सामायिक परीक्षा घेतली. तिला ९७३ मुलं बसली.

हे सगळं फार समतेचं वाटतं. प्रत्यक्षात चाळणी कॉलेजच्या दारात नव्हती, ती घरातच लागत होती. ग्रीक शिकवणाऱ्या शाळा मोजक्या आणि महागड्या. ग्रॉटन ही त्यांतली एक निवासी शाळा, फ्रँकलिन रूझवेल्ट तिथलेच. १९०६ ते १९३२ या काळात ग्रॉटनच्या ४०५ मुलांनी हार्वर्डला अर्ज केले आणि ४०२ जणांना प्रवेश मिळाला. उरलेल्या तिघांनी काय पराक्रम केला असेल, याचं कुतूहल वाटल्याशिवाय राहत नाही.

मग झालं असं, की चुकीची मुलं पास होऊ लागली. निदान संस्थाचालकांच्या लेखी ती चुकीचीच. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांची मुलं बोस्टन आणि न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांतून शिकून परीक्षा उत्तम सोडवत होती. हार्वर्डच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात १९००च्या सुमारास ज्यू विद्यार्थी ७ टक्के होते, ते १९२२मध्ये २१ टक्क्यांच्या वर गेले. न्यूयॉर्कच्या कोलंबियात हे प्रमाण ४० टक्क्यांच्या घरात गेलं होतं. कोलंबियाने गाजावाजा न करता ते जवळपास निम्म्यावर आणलं.

हार्वर्डचे अध्यक्ष अ‍ॅबट लॉरेन्स लॉवेल यांना गाजावाजा चालत होता. बोस्टनच्या जुन्या, गर्भश्रीमंत घराण्यातला हा माणूस. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षाच्या वसतिगृहात राहू देणार नाही, असा फतवाही त्यांनी त्याच सुमारास काढला होता. ज्यूंचा कोटा १५ टक्क्यांवर बांधून टाकावा, हे त्यांनी १९२२मध्ये उघडपणे सुचवलं. त्यांचा युक्तिवाद असा: ज्यू वाढले की बाकीचे निघून जातात, उन्हाळी सहलींच्या हॉटेलांचं तसंच झालं, तेव्हा ज्यूंवरचा राग वाढू नये म्हणून ज्यूच कमी करावेत. वर्तमानपत्रांत गदारोळ उठला. प्राध्यापकांची समिती बसली आणि १९२३मध्ये तिने कोट्याची कल्पना साफ फेटाळली.

समितीने एक सूचना मात्र केली. देशाच्या दूरच्या भागांतल्या शाळांत जो वर्गाच्या वरच्या सातव्या हिश्श्यात असेल, त्याला परीक्षेविना घ्यावं. पश्चिमेकडच्या आणि दक्षिणेकडच्या लहान गावांतली गोरी ख्रिस्ती मुलं येतील असा त्यामागचा होरा. तोही फसला, कारण या वाटेनेही ज्यू मुलं येतच राहिली. १९२५मध्ये त्यांचं प्रमाण २७ टक्क्यांच्या पुढे होतं.

लॉवेल यांनी हट्ट सोडला नाही, फक्त रस्ता बदलला. १९२६मध्ये हार्वर्डने दोन गोष्टी ठरवल्या. एक, पहिल्या वर्षाला हजारापेक्षा जास्त मुलं घ्यायची नाहीत. दोन, निवड नुसत्या गुणांवर न करता ‘चारित्र्य आणि व्यक्तिमत्त्व’ पाहून करायची. अर्जासोबत फोटो सक्तीचा झाला. मुख्याध्यापकांचं मत, मुलाखत, गाव कोणतं, वडील काय करतात, हे सगळं तोलायला प्रवेश समितीला मोकळीक मिळाली. त्याआधीच, १९२२पासून, अर्जात वंश, धर्म, आईचं माहेरचं आडनाव आणि वडिलांचं जन्मस्थान विचारलं जात होतं. शिवाय जन्मानंतर तुमचं किंवा वडिलांचं नाव बदललंय का, हाही प्रश्न होता. कोट्याचं नाव कुठेच नाही. तरी १९३३मध्ये लॉवेल निवृत्त झाले तेव्हा ज्यूंचं प्रमाण १५ टक्क्यांच्या आत आलेलं होतं. येलने आणि प्रिन्स्टननेही थोड्याफार फरकाने हीच वाट धरली.

आज ज्याला ‘समग्र मूल्यमापन’ म्हणतात, ज्याच्यासाठी अमेरिकेतली मुलं नववीपासून व्हायोलिन, वादविवाद, समाजसेवा यांचा संसार मांडतात, त्याचा सांगाडा हा असा उभा राहिला. मुलाचं सगळं आयुष्य पाहावं ही इच्छा मुळात वाईट नाही. पण तिचा जन्म न्याय करण्यासाठी झाला नव्हता. न्याय न करण्याची मोकळीक हवी होती म्हणून झाला. परीक्षेच्या निकालाबद्दल भांडता येतं, ‘व्यक्तिमत्त्व कमी पडलं’ या निकालाबद्दल कुणाशी भांडणार? अकरावीच्या कट-ऑफ यादीवर आपल्याकडे पालक कितीही चडफडले, तरी ती भिंतीवर किंवा पडद्यावर लागते. हार्वर्डने तशी यादी कधीच लावली नाही.

या नव्या व्यवस्थेत कुणाचा निभाव सहज लागत होता, त्याचा मासला कागदोपत्री शिल्लक आहे. एप्रिल १९३५मध्ये जॉन केनेडी यांनी हार्वर्डच्या अर्जात ‘इथे का यायचंय?’ याचं उत्तर पाच वाक्यांत उरकलं. वडिलांच्या कॉलेजात शिकायची इच्छा हे त्यातलं एक कारण. जवळजवळ तोच मजकूर त्यांनी प्रिन्स्टनलाही लिहून दिला होता. दोन्हीकडे दार उघडलं.

गुणांची बाजू घेणारेही होते, पण तिचा इतिहासही धुतल्या तांदळासारखा नाही. प्रिन्स्टनचे मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगहॅम यांनी पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या बुद्धिचाचण्यांवरून १९२३मध्ये पुस्तक लिहून उत्तर युरोपीय वंश श्रेष्ठ ठरवला होता. कॉलेजप्रवेशासाठीच्या सॅट परीक्षेचे जनक तेच. २३ जून १९२६ रोजी ८,०४० मुलं पहिल्या सॅटला बसली: ९७ मिनिटांत ३१५ प्रश्न. १९३०मध्ये ब्रिगहॅम यांनी आपले वंशविषयक निष्कर्ष जाहीरपणे मागे घेतले. परीक्षा मात्र राहिली. लॉवेलनंतर आलेले जेम्स कोनंट यांनी तिचा वापर दूरच्या राज्यांतली गरीब, हुशार मुलं शोधून शिष्यवृत्ती देण्यासाठी केला.

सॅटची तयारी करून फायदा होत नाही, असं परीक्षा घेणारे वर्षानुवर्षं सांगत. ब्रुकलिनच्या स्टॅन्ली कॅप्लन यांना ते पटलं नाही. वैद्यकीय कॉलेजांनी नाकारलेला हा ज्यू मुलगा घराच्या तळघरात शिकवण्या घेत असे, १९४६पासून तो सॅटसाठी शिकवू लागला. पुढे त्याचा इतका विस्तार झाला की १९८४मध्ये वॉशिंग्टन पोस्ट कंपनीने तो धंदा विकत घेतला. क्लास ही आपलीच मिरासदारी आहे असं समजणाऱ्या लातूरकरांनी आणि कोटावाल्यांनी हे नाव लक्षात ठेवावं.

दुसऱ्या महायुद्धानंतर अर्जांचा पूर आला. १९५२मध्ये हार्वर्डच्या पहिल्या वर्षाच्या मुलांचे सॅटच्या भाषा-विभागातले सरासरी गुण ५८३ होते, १९६०मध्ये ते ६७८ झाले. आठ वर्षांत जुन्या घराण्यांच्या साधारण मुलांना धाप लागली. तेव्हाचे प्रवेशप्रमुख विल्बर बेंडर यांना उलटीच काळजी होती, नुसते पुस्तकी किडे जमले तर हार्वर्डचं काय होणार? त्यांच्या जागी आलेल्या फ्रेड ग्लिम्प यांनी ‘खूश तळाचा चतुर्थांश’ ही कल्पना मांडली. वर्गात कुणीतरी शेवटचा येणारच, तर ज्यांना त्याचं दुःख नाही असे खेळाडू आणि हौशी मुलं तिथे असू द्यावीत. वशिल्याला इतकं प्रेमळ नाव क्वचितच मिळालं असेल.

पुढची दशकं भराभर बदलली. येल आणि प्रिन्स्टनने १९६९मध्ये मुलींना पदवीवर्गात घेतलं. १९७५मध्ये १५ कॉलेजांनी एकच सामायिक अर्ज सुरू केला, आज त्यात हजाराहून जास्त कॉलेजं आहेत. १९८३मध्ये एका साप्ताहिकाने कॉलेजांची क्रमवारी छापली आणि जितकी मुलं नाकारावीत तितकी शान वाढते, असा समज रूढ झाला. एका बटणावर दहा-वीस अर्ज जाऊ लागले. २०२०मध्ये कोविडमुळे सॅट ऐच्छिक झाली आणि पुढच्या हंगामात हार्वर्डकडे ५७,४३५ अर्ज आले. प्रवेश मिळाला १,९६८ जणांना, म्हणजे शंभरांत साडेतीनही नाही.

पण ही सरासरी फसवी आहे, हे कोर्टामुळे उघड झालं. आशियाई वंशाच्या मुलांवर अन्याय होतो, असा दावा हार्वर्डविरुद्ध २०१४मध्ये दाखल झाला. ‘आशियाई’ या खान्यात भारतीय घरंही येतात, त्यामुळे न्यू जर्सीतल्या मराठी पालकांनाही तो परका नव्हता. सुनावणीत आतले आकडे बाहेर आले. आईवडील हार्वर्डचे असतील तर तिघांत एकाला प्रवेश, बाकीच्यांत सतरांत एकाला. अभ्यासात वरचढ असलेल्या आशियाई मुलांना ‘व्यक्तिमत्त्वा’चे गुण इतर गटांपेक्षा कमी पडत होते. १९२६ची फूटपट्टी अजून त्याच कपाटात होती, मोजायला माणसं वेगळी आली होती एवढंच.

खालच्या कोर्टाने हार्वर्डच्या बाजूने कौल दिला. २९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि प्रवेशात वंशाचा विचार बंद केला. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणाऱ्या सवलतीला मात्र या निकालाने हात लावला नाही. जॉन्स हॉपकिन्सने ती आधीच आपणहून सोडली होती. कॅलिफोर्नियाने २०२४मध्ये कायदा करून खासगी विद्यापीठांनाही ती बंद करायला सांगितली. स्टॅनफर्डने त्यावर वेगळा तोडगा काढला: गरजू विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारकडून येणारी मदत सोडून दिली, आणि सवलत ठेवली.