ठसा, ठिपका आणि आयकॉन

जुनी मराठी मासिके चाळताना त्यांतील छायाचित्रे भिंगाखाली धरावीत, अशी आम्हांस खोड आहे. भिंग जवळ नेताच चेहरा नाहीसा होतो आणि लहानमोठे काळे ठिपके तेवढे उरतात. छायाचित्र छापण्यासाठी ते आधी मोडावे लागते, हे त्या ठिपक्यांइतके स्पष्टपणे दुसरे काही सांगत नाही.

औंध संस्थानातील (आज सांगली जिल्ह्यातील) किर्लोस्करवाडीहून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाले, तो काळ हाफटोन ब्लॉकचा होता. जर्मनीत मायझेनबाख यांनी १८८२ मध्ये या पद्धतीचे पेटंट घेतले होते. मूळ छायाचित्राचे बारीक रेघांच्या जाळीतून पुन्हा छायाचित्र घ्यायचे, ते जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर उतरवायचे आणि ठिपक्यांमधली जागा आम्लाला खाऊ द्यायची. वृत्तपत्री कागदासाठी इंचाला सुमारे ६५ रेघा, तर गुळगुळीत कागदासाठी त्याच्या दुप्पट. ब्लॉक जितका लहान, तितके ठिपके कमी. म्हणून यंत्राचे छायाचित्र ब्लॉकसाठी जाण्यापूर्वी चित्रकाराच्या हाताखालून जाई : पार्श्वभूमी पांढरी करणे, कडा ठळक करणे, नको तो तपशील पुसणे. ‘खबर’चे संपादक शंकर वासुदेव किर्लोस्कर स्वतः चित्रकार होते. आपले लांबलचक नाव ‘शंवाकि’ या तीन अक्षरांत बसविणाऱ्या माणसाला लहान करणे म्हणजे निवड करणे, हे वेगळे सांगण्याची गरज नव्हती.

आज कॅमेऱ्यातून निघणारी रॉ फाइल हीदेखील एका अर्थी ठिपक्यांचीच जाळी आहे. प्रत्येक ठिपका लाल, हिरव्या किंवा निळ्या काचेआडून केवळ प्रकाशाचे मान मोजतो. ब्राइस बेयर यांच्या १९७६ च्या पेटंटमधील या मांडणीत निम्मे ठिपके हिरव्याचे. बाकीचे दोन रंग शेजाऱ्यांवरून अनुमानाने भरायचे. (किर्लोस्करवाडीचे संस्थापक लक्ष्मणराव यांना रंगांधळेपणामुळे चित्रकला सोडून यांत्रिक आरेखनाकडे वळावे लागले होते. कॅमेराही मुळात रंगांधळाच, हे कळते तर त्यांना गंमत वाटली असती.)

या फाइलीपासून आयकॉन करायचा, म्हणजे प्रथम रंग आणि उजेड ठरवायचा, मग चौरस कापायचा, आणि शेवटी तो आकुंचित करायचा. ६००० × ४००० ठिपक्यांच्या चित्रातून ४००० चा चौरस घेतला आणि तो १६ × १६ वर आणला, तर आयकॉनचा एकेक ठिपका मूळच्या ६२,५०० ठिपक्यांची सरासरी होतो. सरासरीत कडा टिकत नाहीत. सांगलीच्या हळदीच्या ढिगाचे सुंदर छायाचित्र या रीतीने नुसता पिवळा डाग होईल.

सुसान केअर यांनी १९८४ च्या मॅकिन्टॉशसाठी ३२ × ३२ ची चिन्हे चौकटीच्या कागदावर एकेक घर भरून काढली होती. विंडोजच्या ‘आयसीओ’ फाइलीत एकाच चिन्हाच्या निरनिराळ्या आकारांच्या स्वतंत्र प्रती ठेवता येतात. २५६ ची वेगळी, ४८ ची वेगळी, १६ ची वेगळी. प्रत्येक आकारासाठी चित्र नव्याने काढता यावे, अशी सोय त्या रचनेतच आहे. प्रत्यक्षात मात्र एकच छायाचित्र यंत्राकडून सर्व आकारांत आकुंचित करून घेतले जाते. रिटचिंग करणाऱ्या चित्रकाराची जागा रिकामीच राहिली, असे आम्हांस वाटते.

साताऱ्यातील एखाद्या संस्थेने अजिंक्यतारा आपले चिन्ह म्हणून घ्यावयाचे ठरविले, असे समजू. १७०० मध्ये औरंगजेबाने वेढलेला, १७०८ मध्ये शाहूमहाराजांचा राज्याभिषेक पाहिलेला हा गड १६ घरांत आणताना तट जातो, झाडी जाते. माथ्याची आडवी रेघ राखता येते. प्रश्न उरतो दूरदर्शनच्या मनोऱ्याचा. तो ठेवायचा तर एक पूर्ण उभी ओळ त्याला द्यावी लागेल, म्हणजे तो प्रत्यक्षाहून कितीतरी जाड होईल. वगळायचा तर आजच्या सातारकराला ओळखीचा गड थोडा अनोळखी वाटेल. संगणकावर सोपविले, तर माथ्यावर एक करडी रेघ राहील, आणि ती कशाची हे कोणालाच सांगता येणार नाही.