जाळ्याने झेललेली माणसे

उंचावर काम म्हटले की माणसे पडायचीच, असे एके काळी गृहीत धरले जाई. १९३० च्या सुमारास अमेरिकेतील पूल बांधणाऱ्यांचा एक ठोकताळा होता : दर दहा लाख डॉलर खर्चामागे एक बळी. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाचा खर्च होता सुमारे साडेतीन कोटी डॉलर. म्हणजे पस्तीस मृत्यू जणू अंदाजपत्रकातच !

मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस यांनी मात्र सुरक्षेचा आग्रह धरला. १९३६ मध्ये रस्त्याच्या भागाचे काम निघाले तेव्हा त्याखाली दोरांचे जाळे ताणले गेले. त्यासाठी सुमारे १ लाख ३० हजार डॉलर लागले. या जाळ्याने १९ कामगारांचे प्राण वाचवले.

जाळे नेमके काय करते ? समजा, माणूस ३ मीटर पडून जाळ्यावर आला आणि जाळे १ मीटर खचून तो थांबला. आता ४ मीटरच्या पडण्यातली सारी ऊर्जा १ मीटरमध्ये शोषली जाते. शरीरावरचे सरासरी बल वजनाच्या ४ पट होते. तोच माणूस कमरेच्या दोराने १० सेंटिमीटरमध्ये थांबला, तर हे बल ३१ पट होईल ! पडण्यापेक्षा एकदम थांबणेच घातक. म्हणूनच पुढे झटका शोषणारे दोर आले, आणि बल मांड्या, छाती, खांदे यांवर विभागणारे पट्टे आले. पडणारा माणूस रोखण्यासाठी नुसता कमरपट्टा वापरण्यास अमेरिकेत १९९८ पासून मनाई झाली.

पण गोष्ट इथे संपत नाही. १७ फेब्रुवारी १९३७ रोजी पुलाखाली टांगलेली अवजड परांची निखळली, जाळे फाडून खाली गेली आणि दहा कामगार मृत्युमुखी पडले. जाळे माणसांना झेलण्यासाठी होते, टनावारी वजनासाठी नव्हे. तीन महिन्यांनी पूल खुला झाला तेव्हा एकूण बळी होते अकरा. ठोकताळा खोटा ठरला. तरी अकरा घरे उजाड झालीच.

वर्गात सैलसर धरलेल्या चादरीवर अंडे टाकून पाहावे. ते फुटत नाही. मग त्याच चादरीवर वीट टाकली तर काय होईल, असे मुलांना विचारावे. सुरक्षेच्या प्रत्येक साधनाला हाच प्रश्न विचारायचा असतो : हे किती भारासाठी आहे ? आम्हाला वाटते, सूत्रापेक्षा हा प्रश्न मुलांच्या अधिक काळ लक्षात राहील.