मिरज : दर्गा, सतारीची गल्ली आणि जुने ऋणानुबंध

मिरजेचा इतिहास म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर प्रथम लढाया येतात. आदिलशाहीतील भुईकोट किल्ला, १६६० च्या सुमारास शिवाजी महाराजांच्या फौजेने त्याला घातलेला वेढा, पुढे पटवर्धन सरदारांचा अंमल, आणि १८०१ मध्ये चुलत्या-पुतण्यांच्या वादातून चिंतामणराव पटवर्धनांनी वेगळी मांडलेली सांगली. परीक्षेला एवढे पुरते. हा इतिहास कागदावर आला त्याचे मोठे श्रेय मात्र एका शाळामास्तराला आहे, हे विद्यार्थ्यांना सांगताना मला विशेष आनंद होतो. वासुदेवशास्त्री खरे हे मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकवीत. शाळा सांभाळून त्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातील हजारो पत्रे वाचली आणि १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' या नावाने त्यांचे खंड प्रसिद्ध केले.

परंतु दप्तरात राहतो तो सरदारांचा पत्रव्यवहार. गावातला चर्मकार, शिकलगार, गवई, वैद्य यांचे एकमेकांशी काय नाते होते, हे त्यात क्वचितच सापडते. ते शोधायचे तर गावातील जागांकडे पाहावे लागते.

पहिली जागा अर्थातच ख्वाजा शमना मीरासाहेबांचा दर्गा. मिरजेचा माणूस, मग तो कोणत्याही धर्माचा असो, 'मीरासाहेब' हे नाव घरच्या वडीलधाऱ्याचे घ्यावे तसे घेतो. दरवर्षी उरूस भरतो तेव्हा पहिला गलेफ अर्पण करण्याचा मान चर्मकार समाजाचा आहे. जो समाज गावकुसाच्या कडेला ठेवला गेला, ज्याला देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती, त्याच्या हातचा गलेफ येथे सर्वांच्या आधी चढतो. आपल्यातील काही मंडळी अशा प्रथांना केवळ रूढी म्हणून बाजूला सारतात. त्यांच्याशी मी धर्मशास्त्राचा वाद घालणार नाही, तो माझा अधिकार नव्हे. इतिहासाच्या दृष्टीने मात्र ही एक प्रथा पुष्कळ काही सांगून जाते.

याच दर्ग्याच्या आश्रयाला खाँसाहेब अब्दुल करीम खाँ आले. जन्म १८७२ चा, उत्तरेतील कैराना गावचा. बडोद्याच्या दरबारातून ते महाराष्ट्रात उतरले. मिरजेत प्लेगने गाठले असता मीरासाहेबांच्या दर्ग्यात गाऊन त्यांनी सेवा केली व त्यांना आराम पडला, अशी आठवण सांगितली जाते. पुढे बेळगाव, पुणे, मुंबई असे करीत त्यांनी संगीत विद्यालये चालविली आणि अखेर मिरजेलाच घर केले. त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांचा जन्म १९०५ चा, मिरजेचाच. खाँसाहेबांनी मराठी नाट्यपदे गाऊन त्यांच्या तबकड्या काढल्या. रामभाऊ कुंदगोळकर म्हणजे सवाई गंधर्व हे त्यांचे शिष्य. गुरू कैरान्याचा मुसलमान, शिष्य धारवाडकडचा ब्राह्मण, आणि ऐकणारे मराठी घरांतले! खाँसाहेबांनी एक कुत्राही पाळला होता, टिपू त्याचे नाव, आणि त्यालाही सुरात सूर मिळवायला शिकविले होते म्हणतात. विद्यार्थ्यांना ही गोष्ट सांगितली की बाकीचा धडा ते आपोआप ऐकतात.

२७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासच्या बाजूला प्रवासात असताना खाँसाहेबांची प्रकृती बिघडली. सिंगपेरुमाळकोइल या लहानशा स्टेशनात ते उतरले, फलाटावर बिछाना टाकला, सुरात अल्लाचे नाव घेतले आणि तेथेच त्यांनी देह ठेवला. त्यांना परत आणले ते मिरजेला. दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. मोठमोठे गवई तेथे येऊन हजेरी लावतात. तिकीट नसते, हमाल, भाजीवाला आणि प्राध्यापक एकाच जमिनीवर बसून ऐकतात.

आता गल्लीकडे वळू. मिरजेचे सतारमेकर हे मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे, हत्यारे दुरुस्त करणारे. इंग्रजी अंमल आला, संस्थानांच्या फौजा आटल्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला या कारागिरांच्या हातचे काम गेले. त्याच सुमारास दरबारात उत्तरेकडचे गवई-बजवय्ये येऊ लागले होते. त्यांची वाद्ये बिघडली की दुरुस्तीला उत्तरेतच पाठवावी लागत. फरीदसाहेब या कारागिराने ती दुरुस्ती हाती घेतली, आणि दुरुस्ती करता करता नवे वाद्य घडविले. संस्थानाचा आश्रय मिळाला आणि एका घराचा हुन्नर गल्लीचा झाला. पोटाचा धंदा बुडाल्यावर नुसते हळहळत न बसता हातातली कला दुसऱ्या कामाला लावणारी ही माणसे. त्यांचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकात असायला हवे होते असे मला वाटते.

हे काम कसे चालते ते थोडे सांगतो. सतार-तंबोऱ्याला लागणारा भोपळा हा खाण्याचा नव्हे, कडू असतो. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे शेतकरी तो मुद्दाम पिकवितात. वेलावरच तो मोठा होऊ द्यावा लागतो, मग महिनोन्‌महिने वाळवायचा. वाळलेला भोपळा कापून, पाण्यात भिजवून मऊ करतात आणि हवा तो आकार देतात. त्यावर लाकडाची दांडी आणि तबली बसते, मग नक्षी, पॉलिश, खुंट्या, तारा. खरी परीक्षा शेवटी असते, ती जवारीची. तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा माथा कानसेने इतका बेताने घासायचा की तार छेडताच सूर फुलून यावा आणि घुमत राहावा. केसभर अधिक घासले की आवाज बसला. हे मापपट्टीने होत नाही, कानाने होते. तंबोऱ्याला घोडीवर तारेखाली सुताचा बारीक दोरा सारतात, तोही कानानेच.

या जवारीपाशीच मिरजेतील जुन्या मैत्रीचे मूळ आहे. गवई आपल्या आवाजाला जुळणारा तंबोरा हवा म्हणून कारागिराच्या दुकानात तासन्‌तास बसे. 'अजून थोडी उघडा' म्हणे. कारागीर घासे, लावे, पुन्हा ऐकवी. वर्षावर्षाने तोच गवई, तोच तंबोरा, तेच दुकान. बापाच्या जागी मुलगा बसला एवढाच फरक. अशा व्यवहाराला नुसता धंदा म्हणता येत नाही. खुद्द खाँसाहेब अब्दुल करीम खाँ वाद्यदुरुस्तीत तरबेज होते, तेव्हा त्यांचे आणि या गल्लीचे गोत्र एकच.

गावाची इतर ठिकाणे थोडक्यात सांगतो. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये येथे मिशन हॉस्पिटल उभारले आणि दूरदूरचे रोगी मिरजेला येऊ लागले. स्टेशनही तितकेच प्रसिद्ध, एके काळी तेथे तीन मापांचे रूळ होते. एप्रिल २०१६ मध्ये तहानलेल्या लातूरला पाण्याची आगगाडी गेली ती येथूनच. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर लहानपणी फटाक्याने डोळे अधू झाल्यावर मिरजेला आले, आणि येथेच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकले. त्यांचेही जन्मवर्ष १८७२. याच गावात १९०५ मध्ये बालगंधर्व शकुंतलेच्या भूमिकेत प्रथम रंगभूमीवर आले.

एवढे सगळे सांगितल्यावर एक गोष्ट झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सप्टेंबर २००९ मध्ये, गणेशोत्सवात, एका कमानीवरील चित्रावरून याच मिरजेत दंगल झाली. संचारबंदी लागली. कोल्हापूर-इचलकरंजीपर्यंत तिचे पडसाद उमटले. ते चित्रही इतिहासातलेच होते! मैत्रीच्या गोष्टी सांगून दंगल पुसली जात नाही, हे इतिहास शिकविणाऱ्याला कळायला हवे. पण भोपळा पिकविणारा शेतकरी, घडविणारा सतारमेकर आणि गाणारा गवई यांचे काम एकमेकांवाचून अडते, हेही तितकेच खरे. आणि मुलांना दोन्ही सांगावे लागते.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आनंदाची बातमी आहे. तरी इलेक्ट्रॉनिक तंबोरा पेटीत मावतो, मोबाइलवरही वाजतो, आणि कारागिराच्या घरचा मुलगा नोकरीकडे पाहतो. पालक विचारतात, मुलाला शाळेत बसवावे की फळीवर? माझे उत्तर असे की शाळा सोडवू नका आणि कानसही काढून घेऊ नका. सतारीचे पडदे कुठे बांधायचे हे ज्याच्या हाताला कळते, त्याला गणितातले प्रमाण निराळे शिकवावे लागत नाही.

विद्यार्थ्यांना मिरजेला जाण्याचा योग आला तर दर्ग्यात खाँसाहेबांच्या कबरीपाशी जरूर थांबावे, आणि तेथून सतारमेकर गल्लीत जावे. दुकानात अदबीने सलाम करून जवारी लावताना पाहू द्या म्हटले तर सहसा कोणी नाही म्हणत नाही. मात्र तो कान देऊन ऐकत असेल तेव्हा बोलू नये.