तारेचे मौन : चिंचगुंडी, १८५८

दळणवळणाच्या साधनांचा इतिहास लिहिताना आपण पाठविलेल्या संदेशांचा विचार करतो. संदेश थांबल्याच्या नोंदींचा विचार क्वचितच होतो. वस्तुतः कोणते ठाणे केव्हा जोडले गेले व केव्हा तुटले, हे जाणल्यावाचून संपर्काचे कोणतेही जाळे चालू शकत नाही. अशा नोंदीस पुरावा म्हणून कितपत मोल द्यावे, एवढाच प्रश्न येथे चर्चेस घेतला आहे.

नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा होऊन चांदा जिल्हा इंग्रजी अमलाखाली आला. मार्च १८५८ मध्ये मोलमपल्लीचे तरुण गोंड जमीनदार बाबुराव शेडमाके यांनी राजगड परगण्यात उठाव केला. अडपल्ली व घोट येथील जमीनदार व्यंकटराव त्यांस येऊन मिळाले. २९ एप्रिल रोजी प्राणहितेच्या काठी चिंचगुंडी येथे तारायंत्र खात्याच्या तळावर हल्ला होऊन गार्टलँड व हॉल हे दोघे कर्मचारी मारले गेले. तिसरा कर्मचारी पीटर निसटला व त्याने डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन यांस गाठले. तारेच्या माणसांवरील आपत्तीची हकीकत जिवंत साक्षीदाराच्या मुखातून कळली, ही गोष्ट लक्षणीय होय.

तारेची परीक्षा पाहण्याची रीत साधी होती. तार तुटून लोंबकळत राहिली, तर विद्युत्प्रवाह थांबून मापकाची सुई शून्यावर येई. ओल्या जमिनीस टेकली, तर पाठविणाऱ्या टोकाशी प्रवाह उलट वाढे. बिघाड कोणत्या जातीचा, हे यावरून समजे. परंतु तार वादळाने तुटली, झाड पडून तुटली की कोणी तोडली, हे सुईस सांगता येत नसे.

आजच्या भ्रमणध्वनीची गतीही याहून फारशी निराळी नाही. यंत्र रीतसर बंद केले म्हणजे ते जाळ्यास तसे कळविते. विद्युत्‌घट अकस्मात काढला अथवा यंत्र टापूबाहेर गेले, तर काहीच कळत नाही. ठराविक मुदतीत खूण न आल्यास जाळे त्यास अनुपस्थित ठरविते. म्हणजे नोंदलेली वेळ ही तुटण्याची नसून तुटल्याचे लक्षात येण्याची असते. १९८२ मध्ये चंद्रपुरापासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात या भेदास विशेष महत्त्व आहे. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा मार्ग बंद पडतो. माओवाद्यांनी मनोरे जाळल्याच्या घटनाही घडल्या आहेत. मौन तेच, कारणे भिन्न. केवळ मौनावरून एखाद्या माणसाविषयी संशय धरणे म्हणूनच अन्यायाचे ठरेल.

इतिहासाच्या अभ्यासकासही हाच विवेक पाळावा लागतो. अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यामार्फत बाबुराव पकडले गेले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्यास त्यांस फाशी देण्यात आली. या उठावाची लेखी हकीकत मुख्यतः इंग्रज अधिकाऱ्यांची आहे. बाबुरावांबरोबर लढलेली माणसे त्या कागदांत जवळजवळ मुकी आहेत. त्यांचे हे मौन म्हणजे त्यांस सांगावयाचे काही नव्हते याचा पुरावा नव्हे. संपर्क कोठे तुटला, एवढेच ते दर्शविते. का तुटला, याचा शोध कागदाबाहेर, त्या गावांत व तेथील लोकस्मृतीत घ्यावा लागेल.